पाद्र्याच्या कुळाचं कापड

नवरात्रात साक्री तालुक्यातल्या म्हसदी गावी नाशिक, सुरत, मुंबईकडून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. इथे धनदाई मातेचं ठाणं आहे. देवरे आणि खानदेशातली इतर अनेक कुळं तिला आपली कुलस्वामिनी मानतात. नवी सून देवीच्या पायांवर घालायची, लेकराचं जाऊळ काढायचं, बोललेला नवस फेडायचा, ही सगळी कामं याच दारात होतात. दोन अनोळखी माणसं प्रसादाच्या पंगतीत शेजारी बसली की आधी गाव विचारतात आणि मग कुळ. दोन-तीन पिढ्या मागे गेलं की कुठेतरी नातं सापडतंच.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, स्पे नदीच्या वरच्या खोऱ्यात, न्यूटनमोर आणि किंगुसी ही दोन छोटी गावं आहेत. ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी तिथेही असंच कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका इथून माणसं येतात. त्यांचं आडनाव मॅकफर्सन, किंवा त्या कुळाशी जोडलेलं गिलीस, क्लार्क, करी असं काहीतरी. पुरुषांच्या कमरेला चौकड्यांचा लोकरी किल्ट असतो, बायकांच्या खांद्यावर त्याच चौकड्यांचा पट्टा. कुळाचा प्रमुख पुढे, बॅगपाइप वाजवणारे सोबत, अशी मिरवणूक निघते. हे आडनाव एका पाद्र्यावरून आलं. मॅकफर्सन म्हणजे पाद्र्याचा मुलगा.

पाद्र्याला मुलगा कसा, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचं उत्तर स्कॉटलंडच्या जुन्या चर्चमध्ये आहे. बाराव्या शतकात रोमच्या शिस्तीप्रमाणे सुधारणा पक्क्या होण्याआधी तिथल्या केल्टिक चर्चमध्ये धर्मगुरू लग्न करत, आणि मठाचं प्रमुखपद बापाकडून मुलाकडे जाई. मठाच्या जमिनी, त्यांचं उत्पन्न आणि मान हे सगळं घराण्यात राही. मराठी वाचकाला ही व्यवस्था परकी वाटायचं कारण नाही. तुळजापूरचे भोपे, पंढरपूरचे बडवे आणि उत्पात, गावोगावचे गुरव यांच्याकडे देवाची सेवा पिढीजात होती आणि त्या सेवेबरोबर हक्कही. पंढरपूरचे हे हक्क १९७३ च्या कायद्याने संपवायचं ठरलं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये त्यावर शेवटचं शिक्कामोर्तब केलं. स्कॉटलंडमध्ये हे वळण कितीतरी शतकं आधी आलं. देवाची सेवा घराण्यांच्या हातून गेली, घराणी मात्र उरली, आणि त्यांच्या नावात जुना व्यवसाय राहिला.

अशी नावं तिथे बरीच आहेत. मॅकनॅब हे मठाधिपतीचे वंशज. ग्लेनडोकर्टच्या खोऱ्यातल्या संत फिलनच्या मठाशी त्यांचं मूळ जोडलं जातं. मॅकमिलन हे मुंडण केलेल्या साधूचे. मॅकटॅगर्ट हे पुरोहिताचे. असाच पुरोहिताच्या वंशातला फर्कर तेराव्या शतकात राजासाठी लढला, रॉसचा सरदार झाला आणि रॉस कुळाचा मूळपुरुष ठरला.

या सगळ्यांत सर्वांत हृद्य कथा ड्यूअर घराण्याची आहे. संत फिलनचे अवशेष आणि वस्तू सांभाळण्याचं काम काही घराण्यांकडे वंशपरंपरेने होतं. त्यांतल्या एका घराण्याकडे संताच्या दंडाची धातूची मूठ होती. १४२८ मधल्या एका चौकशीत त्या घराण्याची कर्तव्यं नोंदवली आहेत. खोऱ्यातल्या कोणाची गुरं चोरीला गेली आणि त्याने विनंती केली, तर ती मूठ घेऊन चोराचा माग काढत निघायचं, हे त्यांतलं एक. राजा तिसरा जेम्स याने १४८७ मध्ये या घराण्याचा हक्क लेखी मान्य केला. पुढे धर्म बदलला, मठ ओस पडले, घराणं गरीब झालं आणि पोटासाठी कॅनडात गेलं. मूठ त्यांच्या सोबतच गेली. शेतावरच्या लाकडी घरात त्यांनी ती जपली आणि अखेर १८७० च्या दशकात एडिंबराच्या संग्रहालयाच्या स्वाधीन केली. आज ती स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. राज्यं बदलली, भाषा बदलली, समुद्र ओलांडावा लागला, तरी ज्यांच्यावर एक वस्तू सोपवली होती त्यांनी ती सोडली नाही.

मॅकफर्सनांचा मूळपुरुष म्युरिअक. परंपरेप्रमाणे तो बाराव्या शतकात किंगुसीचा पाद्री होता. त्याच्या वंशातल्या तीन भावांपासून तीन शाखा निघाल्या: क्लूनी, पिटमेन आणि इन्व्हरेशी. म्हणून या कुळाला तीन भावांचं कुळ असंही म्हणतात. ते चॅटन नावाच्या मोठ्या कुळसंघात होतं, आणि त्या संघाचं नावही संत कॅटनच्या सेवकावरून आलेलं. रानमांजर हे त्यांचं चिन्ह. हातमोजा घातल्याशिवाय या मांजराला हात लावू नका, असं त्यांचं ब्रीद आहे. पाद्र्याच्या वंशजांनी घेतलेलं हे ब्रीद पाहिलं की पुढच्या काळात त्यांच्या हातात काय आलं हे कळतं. डोंगरी मुलुखात जमीन आणि गुरं राखायची तर तलवार हवीच होती.

तलवारीचा शेवटचा मोठा प्रसंग १७४५ चा. पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याचा राजपुत्र चार्ल्स सिंहासन परत मिळवायला उतरला आणि क्लूनीचा प्रमुख इवन मॅकफर्सन आपल्या माणसांसह त्याला मिळाला. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर राजपुत्राच्या सैन्याचा धुव्वा उडाला. मॅकफर्सनांची तुकडी तिथे वेळेत पोहोचली नाही. वाटेत त्यांना भेटले ते पळून येणारे सोबती. सरकारी सैन्याने क्लूनीचं घर जाळलं. इवनच्या डोक्यावर एक हजार पौंडांचं इनाम लागलं.

त्यानंतरची नऊ वर्षं तो आपल्याच मुलुखात लपून राहिला. बेन आल्डर डोंगराच्या उतारावर, झाडांच्या आधाराने फांद्या विणून दुमजली खोप बांधली होती. मागच्या खडकाचा रंग धुरासारखाच, त्यामुळे चुलीचा धूर दिसत नसे. १७४६ च्या सप्टेंबरात खुद्द राजपुत्र तिथे काही दिवस राहिला. आर. एल. स्टीव्हन्सनच्या १८८६ मधल्या ‘किडनॅप्ड’ कादंबरीत ही खोप आहे. इवन कुठे आहे हे कुळातल्या कितीतरी माणसांना ठाऊक असणार. जेवण पोहोचवणारे होते, पाळत ठेवणारे होते, आणि त्या काळात एक हजार पौंड म्हणजे गरीब डोंगरी शेतकऱ्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांची ददात मिटवणारी रक्कम. तरी एकानेही तोंड उघडलं नाही. १७५५ मध्ये तो फ्रान्सला निसटला आणि १७६४ मध्ये डंकर्कला वारला. जप्त झालेली जमीन घराण्याला परत मिळाली ती १७८४ मध्ये. मॅकफर्सन कुळाचा वारसा कशात आहे असं विचारलं तर पहिलं बोट या नऊ वर्षांकडे दाखवायला हवं. कापडाची गोष्ट त्यानंतरची.

कलोडननंतर सरकारने डोंगरी माणसांचा पोशाखच गुन्हा ठरवला. १ ऑगस्ट १७४७ पासून किल्ट आणि चौकड्यांची शाल वापरणाऱ्याला पहिल्या वेळी सहा महिने तुरुंग आणि दुसऱ्या वेळी सात वर्षं हद्दपारी. सूट होती ती सरकारी पलटणीत भरती होणाऱ्यांना. ही बंदी १७८२ मध्ये उठली, म्हणजे मधे पस्तीस वर्षं गेली. घरोघरच्या जुन्या विणी आणि त्यांचे रंग जाणणारे हात तोवर बरेच नाहीसे झाले होते.

या चौकड्यांच्या कापडाचं नाव टार्टन, आणि टार्टन म्हणजे मुळात वीण. मालेगाव-धुळ्याच्या मागांवर काम केलेल्याला ती चटकन समजेल. ताण्यात रंगीत धागे एका ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या संख्येने लावायचे. तोच क्रम, तीच संख्या बाण्यातही ठेवायची. क्रम एका टोकाला पोहोचला की बहुधा आरशातल्यासारखा उलटा फिरतो, आणि हा घटक कापडभर पुन्हा पुन्हा येतो. लाल ताण्यावरून लाल बाणा गेला की शुद्ध लाल. लालावरून निळा गेला की दोन्हींची मिसळ. सहा रंगांचे धागे घेतले तर सहा शुद्ध आणि पंधरा मिश्र, अशा एकवीस छटा कापडात दिसतात. वीण तिरपी असते, म्हणून मिश्र चौकोनांत बारीक तिरक्या रेघा उमटतात. पूर्वी रंग आसपासच्या वनस्पतींतून आणि दगडफुलांतून काढत. निळीसारखे रंग व्यापारी आणत. ग्लेन अफ्रिकच्या दलदलीत सापडलेलं एक टार्टन १५०० ते १६०० च्या दरम्यानचं ठरलं आहे. २०२३ मध्ये ते डंडीच्या संग्रहालयात लोकांना पाहायला मिळालं.

पण त्या जुन्या काळी अमक्या कुळाने अमकंच टार्टन नेसायचं असा नियम नव्हता. विणकर आपल्या भागात मिळणाऱ्या रंगांप्रमाणे विणत आणि नेसणारे आवडीप्रमाणे घेत. लढाईत आपला-परका ओळखायचा तो टोपीत खोचलेल्या डहाळीवरून. ग्रँटांची पाइनची, फ्रेझरांची यूची, मॅकडोनल्डांची हेदरची. मराठी घरातलं देवक इथे आठवल्याशिवाय राहत नाही. लग्नाआधी मांडवात देवक बसवतात. मोऱ्यांचं मोरपीस, कदमांचा कळंब. फरक इतकाच की आपल्याकडे देवक एक असेल तर सोयरीक होत नाही. स्कॉटलंडमध्ये डहाळीला असं बंधन नव्हतं. तिथे तर रक्ताचं नातं नसलेले, प्रमुखाच्या जमिनीवर राहणारे लोकही त्याचं आडनाव लावत आणि कुळाचे होत.

कुळागणिक टार्टनची कल्पना पक्की झाली ती बंदी उठल्यावर. १७७८ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या हायलँड सोसायटीने १८१५ मध्ये कुळप्रमुखांना पत्रं लिहिली: आपल्या टार्टनचा नमुना शिक्का मारून पाठवा. कित्येक प्रमुखांना आपलं टार्टन कोणतं हेच माहीत नव्हतं. ते बॅनॉकबर्नच्या विल्सन या विणकाम करणाऱ्या पेढीकडे वळले. विल्सनांकडे शेकडो नमुने होते, कित्येकांना नुसते क्रमांक. मग १८२२ च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताचा थाट मांडला आणि सरदारांनी आपापल्या कुळाच्या टार्टनमध्ये यावं असं सुचवलं. मागणी एवढी वाढली की विल्सनांना नवे माग लावावे लागले.

मॅकफर्सनांचं लाल टार्टन विल्सनांच्या याच नमुन्यांतलं. त्याचा क्रमांक ४३. त्याला ‘किड’ असंही नाव होतं, कारण किड नावाच्या एका गिऱ्हाइकाने वेस्ट इंडीजमधल्या आपल्या गुलामांच्या कपड्यांसाठी ते घेतलं होतं. तेच टार्टन पुढे क्लूनीच्या प्रमुखाने आपल्या कुळाचं म्हणून स्वीकारलं. ही हकिगत मनाला लागते. ज्या कापडाकडे पाहून आज कोणाचे डोळे अभिमानाने भरून येतात, तेच कापड साखरेच्या मळ्यांत राबणाऱ्या, नाव-गाव-कुळ सगळं हिरावून घेतलेल्या माणसांच्या अंगावरही होतं. स्कॉटलंडमध्ये हे लपवून ठेवलेलं नाही. टार्टनच्या नोंदींतच ते लिहिलेलं सापडतं. ही त्या लोकांची मोठी गोष्ट आहे. कुळाचा इतिहास लिहायचा तर तो असा, सोयीचा आणि गैरसोयीचा दोन्ही. याखेरीज कुळाचं शिकारीचं म्हणून करड्या रंगाचं एक टार्टन आहे. ते क्लूनीच्या घरातल्या एका जुन्या शालीवरून घेतलं असं मानतात.

या पाद्र्याच्या कुळाचा आणि मराठी माणसांचा संबंध पुस्तकापुरता नाही. क्लूनीच्या घराण्याची जमीन परत मिळाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १७८५ मध्ये, वॉरन हेस्टिंग्ज मायदेशी गेल्यावर बंगालचा हंगामी गव्हर्नर जनरल झाला तो जॉन मॅकफर्सन. स्काय बेटावरच्या स्लीटच्या धर्मोपदेशकाचा हा मुलगा, म्हणजे शब्दशः पाद्र्याचा पोर. त्याच सुमारास दिल्लीच्या बादशहाचा कारभार महादजी शिंद्यांच्या हाती आला होता. बादशहाच्या नावाने बंगालच्या थकलेल्या खंडणीची मागणी कलकत्त्याला पोहोचली. मॅकफर्सनने ती सडेतोड नाकारली आणि महादजींना माघार घ्यावी लागली. सत्तरेक वर्षांनी, १८५७ च्या धामधुमीत, ग्वाल्हेरच्या दरबारी ब्रिटिशांचा राजकीय प्रतिनिधी होता सॅम्युअल चार्टर्स मॅकफर्सन. त्याने आणि दिवाण दिनकरराव राजवाड्यांनी मिळून जयाजीराव शिंद्यांना कंपनीच्या बाजूला धरून ठेवलं. बंडाच्या इतिहासात त्या निर्णयाचं वजन फार मोठं आहे.

पोशाखबंदीतून सुटलेल्या डोंगरी पलटणीही इकडे आल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर ७८ वी हायलँडर पलटण होती. ती १७९३ मध्ये मॅकेंझी कुळाच्या प्रमुखाने उभारली होती आणि मॅकेंझींचं टार्टन हेच तिचं टार्टन. असई आज जालना जिल्ह्यात आहे, अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे खानदेशच लागतो. मराठ्यांचा पहिला सविस्तर इंग्रजी इतिहास १८२६ मध्ये छापणारा जेम्स ग्रँट डफ हाही स्कॉटिशच, बॅन्फ गावचा. त्याच बॅन्फमध्ये १७०० साली जेम्स मॅकफर्सन नावाच्या दरोडेखोराला फाशी दिलं. तो उत्तम फिडल वाजवायचा. मरणाआधी त्याने आपलं वाद्य मोडून टाकलं असं सांगतात, आणि रॉबर्ट बर्न्सने त्याच्यावर कविता केली. ते मोडकं फिडल म्हणून जपलेले तुकडे आज न्यूटनमोरच्या कुळसंग्रहालयात आहेत. पाद्री मूळपुरुष आणि फासावर गेलेला वादक या दोघांनाही एकाच छपराखाली जागा मिळाली आहे.

ते संग्रहालय १९५२ मध्ये उघडलं. त्याआधी क्लूनीचं घराणं कर्जात बुडालं होतं, वाड्यातल्या वस्तूंचा लिलाव झाला. तेव्हा कुळातल्या माणसांनी पैसे गोळा करून त्या वस्तू सोडवल्या, संस्था काढली, आणि त्या ठेवायला जागा केली. तिथे कुळाचा हिरवा झेंडा आहे. तो रणात असताना कुळ हरत नाही अशी श्रद्धा. तिथे बॅगपाइपची एक काळी नळी आहे. १३९६ मध्ये पर्थच्या मैदानात तीस विरुद्ध तीस असा कुळांचा सामना झाला तेव्हा ती आकाशातून पडली अशी दंतकथा. दंतकथेला दंतकथा म्हणून जपण्यात काही कमीपणा नाही. कुळातल्या दूर गेलेल्यांची आठवणही ठेवली जाते. १९१५ मध्ये विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा तयार करणारा डॉक्टर न्यूफाउंडलंडचा, आणि त्याचं पहिलं नावच क्लूनी: क्लूनी मॅकफर्सन.

५ फेब्रुवारी २००९ पासून स्कॉटलंडमध्ये टार्टनची सरकारी नोंदवही आहे. २००८ मध्ये तिच्यासाठी संसदेने कायदा केला. धाग्यांचा क्रम, संख्या, रंग, नाव आणि त्यामागचं कारण हे सगळं तिच्यात लिहिलं जातं. नवं टार्टनही नोंदवता येतं. स्कॉटलंडमध्ये स्थायिक झालेल्या शिखांसाठी १९९९ मध्येच ‘सिंग’ नावाचं टार्टन तयार झालं होतं, तेही आता या परंपरेचा भाग आहे.

खानदेशात कुळाची खूण कापडावर नसते, ती श्रावणात चुलीवर असते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य काढून रोटाचं पीठ दळतात, आणि ते रोट त्या कुळाच्या भाऊबंदांनीच खायचे असतात. सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं. पांझरेच्या काठी होतं तसं सुरतेत तापीच्या काठीही होतं, कारण साक्री-नंदुरबारकडची हजारो घरं कामासाठी सुरतेला गेली आहेत. रोट खायला भाऊबंद कुठून कुठून येतात. कुळ टिकवायला लागणारी सगळी माया इथे आहे. लिहून ठेवण्याची सवय मात्र कमी. वंशावळ भाटाच्या वहीत, नाहीतर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत, आणि त्यांतही लेकी-सुनांची नावं बहुधा गाळलेली. भाटांचं येणं विरळ झालंय, वह्यांचा कागद जीर्ण होतोय, आणि देवक कोणतं हे लग्न ठरल्यावर घरातल्या एखाद्या म्हाताऱ्याला फोन करून विचारावं लागतं.

यंदा रोटाला भाऊबंद जमतील तेव्हा एखाद्याने वही-पेन घेऊन बसावं. मूळ गाव, कुलस्वामिनी, देवक, कुळाचार, कोणत्या साली कोण कुठे गेलं, आणि आई, आजी, पणजी, आत्या, बहिणी यांची नावं त्यांच्या माहेर-सासरसकट लिहावीत. कर्ज, भांडणं, वाटण्या, जातीबाहेर गेलेली लग्नं यांतलं काही गाळू नये. जुनी वही, सनद, पत्र घरात असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नये. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुने कागद जपण्याचं काम करत आलं आहे. आपला कागद घेऊन तिथे जरूर जावं.